आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : हृदयाची झडप योजनेतून बसली, आता आयएनआर तपासणी तालुक्यात करा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

माझ्या धाकट्या भावाच्या हृदयातली महाधमनीची झडप महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून बदलली. त्याच्या झडपेला जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्या. चाळिशीत त्यांवर कॅल्शियम साचलं, वाट अरुंद झाली आणि उसाला पाणी देताना तो चक्कर येऊन पडला. झडप इतकी अरुंद होऊन धाप, चक्कर किंवा छातीत दुखणं सुरू झालं की ती न बदललेले निम्मे रुग्ण दोनेक वर्षांत दगावतात. योजना नसती तर आम्हाला जमीन विकावी लागली असती. त्याबद्दल मनापासून आभार.

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी पर्याय नीट समजावले. जनावराच्या उतीची झडप घेतली तर रक्त पातळ करणारी गोळी सहसा कायमची लागत नाही; पण ती दहा-पंधरा वर्षांत झिजते, तरुणांत त्याहून लवकर, आणि पुन्हा छाती उघडावी लागू शकते. जांघेतून नळी घालून बसवायची टावीची झडप मुख्यतः वयस्कांसाठी, आणि तिची किंमतच लाखांत. (स्टेंटच्या किमतींवर केंद्राने २०१७ साली मर्यादा घातली, तसा या झडपांचाही विचार व्हायला हवा. पण ते दिल्लीचं काम.) म्हणून पन्नाशीच्या आतल्या माणसाला बहुधा कृत्रिम, मेकॅनिकल झडप बसते. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने घडवलेली आपली देशी झडप १९९० पासून वापरात आहे. अशी झडप टिकते, पण तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून गोळी जन्मभर.

गोळी स्वस्त आहे. अडतं ते तपासणीपाशी. भावाचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, २ ते ३ च्या मध्ये राहायला हवा. खाली गेला तर झडप अडकते किंवा पक्षाघात होतो, फार वर गेला तर रक्तस्राव. हिवाळ्यात मेथी-पालक जास्त खाल्ला, तापासाठी अँटिबायोटिक घेतलं, की आकडा हलतो. मग वहिनी ब्लेडने गोळीचे तुकडे करते, अर्धी आज, पाऊण उद्या, आणि वहीत लिहून ठेवते.

आमच्या ग्रामीण रुग्णालयात ही तपासणी होत नाही. सकाळच्या एसटीने जिल्ह्याला जायचं, खासगी लॅबमध्ये पैसे भरायचे, रिपोर्ट संध्याकाळी. मजुरी बुडते. त्यामुळे लोक तपासणी टाळतात आणि जुन्याच डोसवर राहतात. लाखो रुपये खर्चून वाचवलेला जीव असा धोक्यात घालणं मला अन्यायाचं वाटतं, रुग्णावर आणि त्या सर्जनच्या हातांवरही. संधिवाताच्या तापाने झडप गेलेल्या गरीब घरच्या मुली तर याहून बिकट अवस्थेत आहेत. त्यांच्या गर्भाला ही गोळी घातक ठरू शकते आणि तो सल्ला द्यायला जवळपास कुणी नसतं.

बोटातल्या रक्ताच्या थेंबावर काही मिनिटांत आयएनआर सांगणारी यंत्रं मिळतात. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एक यंत्र, त्याच्या पट्ट्यांचा न तुटणारा पुरवठा, गोळी मोफत, आणि डोस ठरवायला जिल्हा रुग्णालयातल्या फिजिशियनशी फोनवर जोडणी, एवढी माझी मागणी आहे. योजनेतून झालेल्या प्रत्येक झडपेच्या ऑपरेशनची नोंद आपल्या विभागाकडे आहे. त्यावरून तालुकावार यादी काढावी आणि जिल्ह्याच्या ठिकाणापासून सर्वांत लांब असलेल्या तालुक्यांपासून सुरुवात करावी.

आपली,
एका झडप-रुग्णाची बहीण