मधुराच्या नगररचनेच्या शिक्षणाबद्दल, बडोद्याहून

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

मधुराचं विकास अभ्यासातलं एम.ए. पूर्ण झालं आणि तिला आता नगररचनेत यायचंय, हे वाचून आनंद झाला. ‘ती ना आर्किटेक्ट, ना सिव्हिलवाली, तिला कोण घेणार?’ असं तू विचारलंयस. घेतात. पण अर्ज अडतो तो हुशारीपायी नाही, पदवीच्या नावापायी.

एम.प्लॅन.ला, म्हणजे नियोजनातल्या पदव्युत्तर पदवीला, बहुतेक संस्था वास्तुशास्त्र, नियोजन किंवा सिव्हिलची पदवी मागतात, नाहीतर भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र अशा विषयांतलं एम.ए. या यादीत ‘विकास अभ्यास’ हे नाव बऱ्याचदा नसतंच. म्हणून अर्ज भरायच्या आधी प्रवेश कार्यालयाला ईमेल करायची. गुणपत्रकं आणि अभ्यासक्रम जोडायचा, अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि संख्याशास्त्राचे कोणते पेपर झाले ते लिहायचं आणि उत्तर लेखीच मागायचं. फोनवरचं ‘चालेल’ कागदपत्र तपासणीच्या दिवशी उपयोगी पडत नाही.

‘गेट’ या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेला मात्र अडचण नाही. कला शाखेच्या पदवीधरांनाही ती परीक्षा देता येते. तिने ‘आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग’ हा पेपर घ्यावा. तीन तास, १०० गुण, त्यातले १५ सामान्य क्षमतेचे. शेवटच्या भागात आर्किटेक्चर आणि प्लॅनिंग यांपैकी एक निवडता येतं, तिथे तिने डोळे मिटून प्लॅनिंग घ्यावं. तरी सामायिक भागात बांधकामाचं, आराखड्याचं थोडंफार येतंच, तेवढी मेहनत करावी लागेल. फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात, परीक्षा फेब्रुवारीत होते आणि गुण तीन वर्षं चालतात. दिल्ली, भोपाळ, विजयवाडा इथल्या एस.पी.ए. (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर), खरगपूर आणि रुरकीची आय.आय.टी., आमच्याकडे सुरतचं एस.व्ही.एन.आय.टी. आणि अहमदाबादचं सेप्ट, एवढ्यांची पात्रता एकेक करून वाचावी. सगळ्यांचे नियम सारखे नाहीत.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण ती मुलांना दोन वर्षांनी कळते. सरकारी भरतीच्या काही जाहिरातींत नियोजनातल्या पदव्युत्तर पदवीबरोबर मूळ पदवीही सिव्हिल, आर्किटेक्चर किंवा प्लॅनिंगचीच मागतात. म्हणजे एम.प्लॅन. होऊनही ती तेवढ्या पदांपुरती बाद. गुजरातमध्ये जी.पी.एस.सी. आणि तुमच्याकडे एम.पी.एस.सी. या लोकसेवा आयोगांच्या नगररचनेच्या जुन्या जाहिराती काढून ‘शैक्षणिक अर्हता’ हा परिच्छेद शब्दन् शब्द वाचा. सरकारी नोकरी हेच ध्येय असेल तर हा निर्णय गेटच्या आधी व्हायला हवा.

आता कामाचं. तिला चित्रं काढता येत नाहीत याची चिंता सोड. नगररचनाकार पॅट्रिक गेडीस १९१६ साली सयाजीराव महाराजांच्या बडोद्याचा अहवाल लिहून गेला. तो मुळात जीवशास्त्रज्ञ, पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. तेव्हा या खात्यात समाजशास्त्राची वर्दळ जुनीच आहे म्हणायची. मधुराची खरी उणीव चित्रकलेची नाही, जमिनीच्या कागदांची आहे.

इथे शहर वाढतं ते टी.पी. (टाउन प्लॅनिंग) स्कीमने, १९७६ च्या गुजरात नगररचना कायद्याखाली. शंभरेक हेक्टर शेतजमीन एकत्र धरायची, रस्ते आखायचे आणि प्रत्येकाला त्याच्या मूळ तुकड्याऐवजी, म्हणजे ओ.पी.ऐवजी (ओरिजिनल प्लॉट), लहान पण चौकोनी, रस्त्यावरचा एफ.पी. (फायनल प्लॉट) द्यायचा. कायद्यात प्रमाण सांगितलंय: १५ टक्के रस्ते, ५ टक्के बागा आणि मैदानं, ५ टक्के शाळा-दवाखाने, १५ टक्के नगरविकास प्राधिकरणाला विकायला. एकूण ४०.

हिशेब एकदा हाताने करून पाहायला सांग. समज, शेतकऱ्याची १०,००० चौरस मीटर जमीन, दर १,००० रुपये. किंमत १ कोटी. ४० टक्के कापून ६,००० चौ. मी. उरली, त्याच जुन्या दराने ६० लाख. म्हणजे भरपाई ४० लाख. रस्ता, गटार झाल्यावर दर २,००० होणार असेल तर एफ.पी.ची किंमत १ कोटी २० लाख, वाढ ६० लाखांची. त्यातला जास्तीत जास्त निम्मा वाटा प्राधिकरण घेऊ शकतं, म्हणजे ३० लाख. वजावट करून शेतकऱ्यालाच १० लाख मिळायचे. पण विकसित दर ३,००० धरला की वाढ होते १ कोटी २० लाख, निम्मे ६० लाख, आणि शेतकऱ्यानेच २० लाख भरायचे! जमीन तीच, कापणी तीच, फक्त अंदाजी दर बदलला. हे सगळं ज्या तक्त्यात बसतं त्याला एफ फॉर्म म्हणतात. तो वाचता आला की सुनावणीत लोक का चिडतात ते आपोआप समजतं.

चुका होतात त्या बहुतेक सुरुवातीलाच. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि मोजणीतलं क्षेत्र जुळत नाही. गावनकाशा उपग्रहाच्या चित्रावर नीट बसवलेला नसतो. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये (फुकट आहे, आजच शिकायला लागू दे) अक्षांश-रेखांशाच्याच प्रणालीत नकाशा ठेवून कच्च्या सूत्राने क्षेत्रफळ काढलं की अंशांतले निरर्थक आकडे येतात. बडोद्यासाठी आधी यूटीएम झोन ४३ उत्तर ही मीटरमध्ये मोजणारी प्रणाली लावायची. सगळ्या ओ.पी.ची बेरीज ही एफ.पी., रस्ते आणि राखीव जागा यांच्या बेरजेइतकी यायलाच हवी. नाही आली तर कुठेतरी एक तुकडा दोनदा मोजलाय किंवा सुटलाय. आणि विश्वामित्री नदीची कोतरं, म्हणजे काठच्या घळी! नकाशावर ती मोकळी जागा वाटते, पावसाळ्यात तिथूनच पाणी वाहतं. त्यावर प्लॉट आखणारा तक्ता बेरजेला अगदी बरोबर असू शकतो.

मधुराची जागा नेमकी इथे आहे. सातबारा मालक दाखवतो. कसणारा, भाडेकरू, ओढ्याकाठची झोपडी, रस्त्याकडेचा भाजीवाला त्यात नसतात, आणि स्कीम कोर्टात किंवा मोर्च्यात अडकते ती बऱ्याचदा यांच्यामुळे. घरोघरचं सर्वेक्षण कसं आखायचं, नोटीस लागायच्या आधी यादी का गोठवायची, बाईचं नाव यादीत कसं येईल, हे तिला येतं, आमच्या ड्राफ्ट्समनला नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणाम मूल्यांकन आहे, २०१४ च्या फेरीवाला कायद्यात सर्वेक्षण आणि नगर विक्रेता समिती आहे. प्रवेशाची वाट पाहताना अशा कामाच्या एखाद्या सल्लागार संस्थेत वर्षभर राबली तर प्रबंधाचा विषय हाती लागेल. पगाराला मात्र नाक मुरडू नको म्हणावं.

लोकसंख्येचा अंदाज तिला मुद्दाम शिकव. २०११ च्या जनगणनेत बडोदे शहर १६ लाख ७० हजारांचं होतं, आणि अजून तोच आकडा पुढे ताणत बसणारे आहेत. वीजजोडण्या, मालमत्ता कर, शाळांची पटसंख्या यांवरून वॉर्डवार ताळा घालायची सवय लागली तर कुठल्याही ऑफिसात तिची किंमत वाढेल.

गेटचा क्लास वगैरे नंतर. आधी प्रवेश कार्यालयांची उत्तरं येऊ देत, मगच फी भरा. उत्तरात काही संदिग्ध असेल तर मला पाठव, बघून सांगतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव