आईच्या दम्याबद्दल नव्हे, आईच्या दमण्याबद्दल

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर विषय काढला की आई म्हणते, "मला काय धाड भरलीय, तू तुझ्या पोरांचं बघ." म्हणून लिहायला बसले. बाबा, हे तिला वाचून दाखवा.

दिवाळीत टेकडीवरच्या देवीला निघालो तेव्हा आई वाटेत तीनदा चप्पल नीट करायला वाकली. चप्पल धड होती. मी मागेच होते, तिच्या छातीतली शिट्टी मला ऐकू येत होती. दोन वर्षांपूर्वी हीच आई माझ्यापुढे चढायची. आई, तू थांबलीस त्याचं मला काही वाटलं नाही. तू लपवलंस, त्याने मात्र जीव कासावीस झाला.

मागच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, "छाती साफ आहे" म्हणाले आणि खोकल्याचं औषध दिलं. पण सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आकसत जाण्याचा आजार, सुरुवातीला एक्स-रेत बहुधा दिसतच नाही. त्यासाठी स्पायरोमेट्री करावी लागते. छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत जोरात, शेवटपर्यंत फुंकायचं. मग इनहेलर देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायला सांगतात. एकूण हवेच्या निदान सत्तर टक्के पहिल्या सेकंदात बाहेर यायला हवी. इनहेलरनंतरही तेवढी येत नसेल, तर नळ्यांत अडथळा आहे असं समजतात. सुई नाही, रक्त नाही.

तू म्हणशील, मी कधी बिडीला हात लावला का? चूल फुंकण्यात तुझी तीस वर्षं गेली. दार लावून केलेल्या भाकऱ्या, पावसाळ्यात ओली लाकडं, शेणी, मिश्री भाजतानाचा तो खाट. आपल्याकडे विडी-सिगारेट न ओढलेल्या कितीतरी बायकांना हा आजार चुलीच्या धुरानेच झालेला आहे. घरात गॅस येऊन इतकी वर्षं झाली, तरी अंघोळीचं पाणी तू अजून मागच्या चुलीवरच तापवतेस. गुरुवारी वायरमन गिझर बसवायला येईल. बाबा, त्याला परत पाठवू नका.

आता इनहेलरचं. "एकदा लागला की सुटत नाही" हे तू शेजारच्या काकूंकडून ऐकलंस. आई, दम लागला की मेडिकलमधून जी गोळी आणतेस ना, तसल्या साल्बुटामॉलच्या ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत इनहेलरच्या ४० फवाऱ्यांइतकं औषध असतं. गोळीचं औषध रक्तातून सगळ्या अंगभर फिरतं, म्हणून तर तुझे हात थरथरतात आणि छाती धडधडते. फवारा थेट नळ्यांत जातो, म्हणून थोडक्यात भागतं. त्याची सवय लागत नाही. चष्म्याची लाज वाटली नाही, मग याची का?

खोटा दिलासा देणार नाही. फुप्फुसाचं जे गेलं ते परत येत नाही. पण धूर बंद झाला, औषध रोज नीट घेतलं, दरवर्षी फ्लूची लस आणि डॉक्टर सांगतील तेव्हा न्यूमोनियाची लस घेतली, चालण्याचे आणि श्वासाचे व्यायाम केले, तर उरलेलं पुष्कळ जपता येतं. लवकर कळलं तर जपायला जास्त उरतं. मला एवढ्याचीच घाई आहे.

बाबा, तुम्ही बिडी सोडलीत त्याचा मला फार अभिमान आहे. पण आधी वीस वर्षं ओढलीत, म्हणून त्याच दिवशी तुमचीही तपासणी करायची. नाही म्हणू नका. तुम्ही फुंकलंत की आईही फुंकेल.

शनिवारी पहाटेच्या एसटीने निघा. स्वारगेटला मी उभी असेन. आई, जुना एक्स-रे आणि त्या गोळ्यांचं पाकीट पिशवीत टाक. सकाळी पोटभर खाऊ नकोस, फुंकताना पोट जड नको. डबाही करत बसू नकोस, तपासणी झाली की घरी येऊन गरम जेवू.

तुमची लेक