दुसरा भाग स्वस्त असू दे, शिळा नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतल्या लेखात कमी खर्चाच्या भयपटांचे दुसरे-तिसरे भाग सरसकट ‘टाकाऊ’ ठरवले आहेत. त्यातले बरेचसे टाकाऊ असतात, हे मान्य. पण स्वस्त आणि शिळं यांत फरक आहे आणि लेखात नेमका तोच राहून गेला, म्हणून हे पत्र.

असे चित्रपट निघतात ते काही सांगायचं उरलं म्हणून नव्हे. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ १९८० साली साडेपाच लाख डॉलरच्या आसपास तयार झाला आणि एकट्या अमेरिकेत त्यानं चार कोटींच्या जवळपास गल्ला जमवला. एवढा पैसा दिसल्यावर कथा संपली म्हणून कोण गप्प बसेल? अडचण एकच होती. खून करणारी बाई शेवटी मेलेली, आणि ज्या मुलासाठी ती खून करत होती तो जेसन लहानपणीच तळ्यात बुडालेला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या भागात तो जेसन चांगला धिप्पाड बाप्या होऊन हजर! बुडाला नव्हता, तर इतकी वर्षं आईला तोंड का दाखवलं नाही, हे आपण विचारायचं नाही. ज्या हॉकीच्या मुखवट्यावरून जग त्याला ओळखतं, तोही तिसऱ्या भागात मिळाला. दुसऱ्यात बिचारा डोक्यावर पोतं घालून हिंडतो. चौथ्याचं नाव ‘द फायनल चॅप्टर’, आणि वर्षभरात पाचवा आलाच. आठव्यात जेसन मॅनहॅटनला निघाल्याची जाहिरात, पण निम्म्याहून जास्त वेळ सगळे बोटीवरच. चित्रीकरणही बहुतेक कॅनडातल्या व्हँकुव्हरचं, टाइम्स स्क्वेअर चवीपुरता. तरीही या मालिकेचा मला राग येत नाही. खिशात पैसे नसताना दर वेळी काहीतरी जुगाड केलेला दिसतो, आणि तो बघण्यात मजा आहे.

राग येतो तो ‘सायलेंट नाइट, डेडली नाइट’च्या १९८७ मधल्या दुसऱ्या भागाचा. त्यात जवळपास निम्मा चित्रपट पहिल्या भागातून उचललेला आहे. नायक वेड्यांच्या इस्पितळात डॉक्टरसमोर बसून मोठ्या भावाची हकिगत सांगतो, आणि आपण पहिला भाग पुन्हा बघतो. तान्हा असताना घडलेलं त्याला कसं आठवतं आणि जिथं तो नव्हताच तिथलं कसं ठाऊक, देव जाणे. ही चक्क फसवणूक आहे. (गंमत म्हणजे नवं काम सुरू झाल्यावर याच चित्रपटाला रंग चढतो. नायक पिस्तूल घेऊन रस्त्यानं चाललाय, समोरून एक गृहस्थ कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला येतात. आज कचरा न्यायचा वार आहे, असं नायक त्यांनाच भुवया उडवत ओरडून सांगतो आणि गोळी घालतो. हे दृश्य लोक आजही एकमेकांना पाठवतात.)

नावाची लबाडी मात्र मी माफ करतो. जॉर्ज रोमेरोचा ‘डॉन ऑफ द डेड’ इटलीत ‘झॉम्बी’ नावानं लागला, म्हणून लुचिओ फुल्चीचा चित्रपट १९७९ साली ‘झॉम्बी २’ म्हणून विकला गेला. दोन्ही कथांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण फुल्चीच्या चित्रपटात पाण्याखाली एक झॉम्बी, म्हणजे चालतंफिरतं प्रेत, शार्कशी झुंजतं. त्याला कवटाळतं, चावतं, आणि शेवटी शार्क त्याचा हात उपटून नेतो. शार्क खरा आणि प्रेताच्या रंगरंगोटीत खरा माणूस! एवढं केल्यावर नाव उसनं घेतल्याचं कोण मनावर घेणार? आपल्याकडे भयपटवाल्या रामसे बंधूंनीही ‘पुराना मंदिर’ (१९८४) चालल्यावर पुढच्या वर्षी ‘३डी सामरी’ आणला. सैतानाचं नाव तेच, त्याचं काम करणारे अनिरुद्ध अग्रवालही तेच, कथा मात्र निराळी.

‘ट्रोल २’ची तर बातच वेगळी. त्यात ट्रोल, म्हणजे परदेशी लोककथांतला राक्षस, नाहीच. आहेत ते गॉब्लिन, म्हणजे तिकडचीच खुजी दुष्ट भुतं, तीही शाकाहारी. त्यामुळे माणूस खायचा तर आधी त्याची वनस्पती करावी लागते! इटालियन दिग्दर्शकानं अमेरिकेतल्या युटामध्ये हौशी मंडळी गोळा केली. बापाचं काम करणारे गृहस्थ पेशानं दंतवैद्य. इंग्रजी संवाद मोडकेतोडके, मुखवटे रबरी आणि अंगावर गोणपाट. पण एकानंही काम टाळलेलं नाही. सगळे इतक्या मनापासून वाईट काम करतात की हसता हसता त्यांच्याविषयी माया वाटू लागते. त्यातल्याच बालकलाकारानं मोठेपणी, २००९ साली, या चित्रपटावर माहितीपट केला. तुमच्या लेखात शंभर-दोनशे कोटींच्या ज्या गुळगुळीत भयपटांचं कौतुक आहे, त्यांच्यावर असा जीव कुणी लावल्याचं मला तरी माहीत नाही.

तेव्हा अशा चित्रपटांना यापुढं तारे दिले नाहीत तरी चालेल. पहिल्या भागातलं जुनं चित्रीकरण साधारण किती मिनिटं घुसवलंय, तेवढं मात्र जरूर छापा. बाकीचं आमचं आम्ही बघून घेऊ.

आपला,
एक नियमित वाचक, मिरज