समुद्राकडे तोंड केलेले दिवे विझवा

प्रति,
माननीय वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : कासवांच्या विणीच्या किनाऱ्यांवरील उजेडाबाबत

सप्रेम नमस्कार.

मी दापोली तालुक्यातल्या समुद्रकाठच्या एका गावात राहतो. नोव्हेंबर लागला की पहाटे चारला उठायचं, काठी घ्यायची आणि पुळणीवरून खाडीच्या मुखापर्यंत जाऊन परत यायचं, असा गेल्या बारा वर्षांचा क्रम आहे. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वर येऊन गेली असेल तर वाळूत तिचा माग दिसतो. कुत्री आणि कोल्हे पोचायच्या आत घरटं शोधायचं, अंडी न फिरवता, होती तशीच उचलायची आणि जाळी लावलेल्या हॅचरीत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर आली की ती पाण्याकडे सोडायची. आम्हाला कासवमित्र म्हणतात. हे काम आपल्या खात्याच्या परवानगीने आणि मदतीने चालतं, म्हणून हे पत्र आपल्याला.

गेल्या मार्चमधली एक पहाट सांगतो. एक घरटं आमच्या नजरेतून सुटलं होतं. अंडी जिथे घातली तिथेच राहिली आणि रात्री फुटली. पहाटे गेलो तेव्हा वाळूत खळगा पडलेला होता आणि त्यातून दोरा ओढावा तशा बारीक रेषा निघाल्या होत्या. त्या रेषा समुद्राकडे जायला हव्या होत्या. पाणी तिथून चाळीस पावलांवर होतं. पण एकूण एक रेषा वळून सुरूच्या बनाकडे, तिथून रस्त्याकडे गेलेल्या. रस्त्याच्या कडेला दोन वर्षांपूर्वी हायमास्टचा, म्हणजे उंचावरच्या झोतदिव्यांचा, खांब उभा राहिला आहे. त्याच्या चौथऱ्याभोवती, सुरूच्या वाळक्या काड्यांत, आम्हाला एकतीस पिल्लं मिळाली. नऊ जिवंत होती. काहींवरून गाडी गेली होती, बाकीची सुकली होती. एक पिल्लू चौथऱ्याच्या सिमेंटला टेकून पुढचे वल्ह्यांसारखे पाय, म्हणजे वल्ही, हलवत होतं, अजून वर चढायचा प्रयत्न करत होतं. मी ते उचललं तरी हातात वल्ही चालूच होती.

तो दिवा गावानेच मागितला होता. पार्किंगला उजेड हवा, रात्री बायाबापड्यांना भीती वाटू नये, म्हणून. त्या ग्रामसभेत मीही हात वर केला होता. त्यामुळे कोणावर खापर फोडायला हे पत्र लिहीत नाही.

पिल्लू उजेडाकडे का जातं, हे एकदा समजून घेतलं की सगळं कळतं. दिवसा वरची वाळू तापलेली असते, म्हणून पिल्लं वाळूखाली थांबून राहतात आणि रात्री वाळू गार झाली की एकदम वर येतात. बाहेर आल्यावर त्यांना दिशा सांगायला आई नसते. ती केव्हाच समुद्रात गेलेली असते. त्यांच्याजवळ एकच खूण असते : क्षितिजाला लागून सगळ्यात उजळ दिसेल तिकडे जायचं आणि मागची काळी उंच झाडी पाठीशी ठेवायची. लाखो वर्षं समुद्रच उजळ होता, चांदण्याने आणि ताऱ्यांनी. आता तो मान खांबाला मिळाला आहे. पिल्लाच्या पोटात अंड्यातला उरलेला बलक असतो, ती त्याची समुद्रातल्या पहिल्या काही दिवसांची शिदोरी. ती सिमेंटभोवती फिरण्यात संपली, तर सकाळी उचलून पाण्यात सोडलेलं पिल्लूही लाटा कापून आत जाईलच असं नाही.

आणि फक्त पिल्लांचं नाही. मादी वर येताना लाटांच्या टोकाशी थांबते, मान उंचावते, बराच वेळ बघते. किनारा उजेडात न्हालेला असेल तर पुष्कळदा अंडी न घालताच वळते. असे रिकामे माग आमच्या पुळणीवर हल्ली दिव्याच्या टापूत जास्त दिसतात. काळोखाच्या टोकाला मात्र मी तिला मन भरून पाहिलं आहे. मागच्या वल्ह्यांनी आळीपाळीने ओंजळभर वाळू काढत ती दीड फूट खोल, सुरईसारखा खड्डा करते. डोळ्यांना काहीच दिसत नसताना वल्हं आतून भिंत चाचपत असतं. मग टेबल टेनिसच्या चेंडूएवढी शंभरेक अंडी. शेवटी खड्डा बुजवून ती डावीउजवीकडे झुकत अंगाने वाळू चोपते, त्याचा धप धप आवाज सुरूच्या बनापर्यंत येतो. आमच्या गावची म्हातारी माणसं म्हणतात, जातं बसवल्यासारखी चोपते.

आपल्या किनाऱ्यावर हे काम कसं सुरू झालं ते विसरून चालणार नाही. २००२ साली सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेचे कार्यकर्ते समुद्री गरुडांची पाहणी करायला मंडणगड तालुक्यातल्या वेळासला गेले होते. तिथे त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं सापडली. तोवर अंडी खाल्ली जात, विकली जात. संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना बरोबर घेतलं, अंडी चोरणारे हात अंडी राखू लागले. पुढे वेळासचा कासव महोत्सव सुरू झाला, घराघरांत पाहुणे येऊ लागले, आणि हळूहळू आंजर्ले, गुहागर, खाली सिंधुदुर्गापर्यंत गावोगावी हॅचऱ्या उभ्या राहिल्या. अंडी राखायला आपण शिकलो. पण अंडी घालायचा किनाराच हातचा गेला तर हॅचरीत काय ठेवणार?

हॅचरी हा आधार आहे, किनाऱ्याला पर्याय नाही. कासवाचा नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू जास्त तापली की माद्या जास्त. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर ग्रेट बॅरियर रीफमधल्या हिरव्या कासवांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात लहान वयाच्या कासवांत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या निघाल्या. एका जाळीच्या चौकोनात सगळी घरटी आणली की सगळ्यांचं नशीब त्या एका जागेच्या उन्हावर टांगलं जातं. घरटी सावलीत, उघड्यावर, ओलीवर, उंचवट्यावर विखुरलेलीच बरी.

ही कासवं आपल्या गावापुरती नाहीत, हेही आता कळलं आहे. २०२२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि आपल्या खात्याच्या कांदळवन प्रतिष्ठानने पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवले. पहिली वेळासची, म्हणून तिचं नाव प्रथमा. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. आणि जानेवारी २०२५ मध्ये उलटा प्रवास दिसला. ओडिशात गहिरमाथ्याला २०२१ साली वल्ह्याला बिल्ला लावलेली मादी गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. ती बातमी वाचली त्या दिवशी मी हॅचरीत बराच वेळ नुसता बसून होतो. दोन किनाऱ्यांना आपण निरनिराळे समजत होतो, तिने ते एका आयुष्यात जोडून दाखवले.

त्याच ओडिशात गहिरमाथ्याजवळच्या बेटावर संरक्षण खात्याचा क्षेपणास्त्र चाचणीचा तळ आहे. कासवांच्या विणीसाठी २०२४ च्या जानेवारी ते मार्चमध्ये तिथल्या चाचण्या थांबवायचं ठरलं. तीव्र उजेड आणि आवाज टाळण्यासाठी हा निर्णय झाला. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर हॉटेलं आणि वस्ती आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, तरी तिथल्या किनारी काउंट्यांनी आणि शहरांनी विणीच्या हंगामात कोणता दिवा कसा लावायचा याचे नियम केले आहेत. तत्त्व साधं आहे : दिवा खाली असावा, समुद्राकडून झाकलेला असावा, आणि पांढऱ्याऐवजी तांबूस पिवळा असावा, कारण कासवांना तो रंग फारसा खेचत नाही. म्हणजे रस्ता अंधारात टाकायचा प्रश्नच नाही. माणसाच्या पायाखाली उजेड पडावा, लाटांवर नको, एवढंच.

आपल्या हातात कायदाही आहे. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. किनारा नियमन अधिसूचनेत कासवांच्या विणीच्या जागा सर्वांत संवेदनशील वर्गात मोडतात. तरी आमच्या पुळणीवर खांब रोवताना वनखात्याला कोणी विचारल्याचं मला आढळलं नाही. विचारायची पद्धतच नसावी. दिवा एका खात्याचा, रस्ता दुसऱ्याचा, धूपप्रतिबंधक बंधारा तिसऱ्याचा, आणि कासव तेवढं आपलं.

म्हणून विनंती अशी. कोकणातल्या ज्या किनाऱ्यांवर घरट्यांची नोंद आपल्या खात्याकडे आहे, त्यांची यादी जाहीर करावी. त्या किनाऱ्यांवर समुद्राकडे तोंड असलेले हायमास्ट नोव्हेंबर ते मे बंद ठेवण्याचा आदेश निघावा, आणि तोवर निदान त्यांना समुद्राच्या बाजूने पत्र्याची झाकणं बसवावीत. आमच्या खांबासाठी झाकण करून द्यायला गावचा वेल्डर तयार आहे, फक्त खांबाला हात लावायची परवानगी हवी. यापुढे अशा किनाऱ्यावर नवा दिवा किंवा दगडी बंधारा घालण्याआधी वनखात्याचं लेखी मत घेणं सक्तीचं व्हावं. बंधाऱ्याबद्दल वेगळं लिहीन. मादीला दगड चढता येत नाही, एवढं इथे पुरे.

आमच्या ग्रामसभेने दिव्याबद्दलचा ठराव यंदा पुन्हा घेतला. या वेळी दिवा झाकावा म्हणून हात वर झाले, आणि पार्किंगसाठी ज्यांनी तो मागितला होता त्यांचे सर्वांत आधी. ठरावाची प्रत सोबत जोडली आहे.

हंगामात एकदा आमच्याकडे या. ताफा गावात ठेवून पुळणीवर चालत यावं लागेल, बॅटरी न लावता. पहिल्या पाच मिनिटांत काही दिसत नाही, मग डोळे सरावतात आणि समुद्र आपोआप उजळ दिसायला लागतो.

आपला,
दापोली तालुक्यातील एक कासवमित्र