आरोग्यमंत्री साहेब, आमचा मुतखडा कुठल्या राज्यात येतो?

माननीय आरोग्यमंत्री साहेब, कर्नाटक सरकार, बंगळूर,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला वेळ नसणार म्हणून मुद्द्याचंच लिहितो. आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात स्कॅनिंगचं, म्हणजे सोनोग्राफीचं मशीन आलं तेव्हा नारळ फुटला, पेढे वाटले, आता बेळगावला धावायला नको असं स्टेजवरून सांगून झालं. गेल्या आठवड्यात पहाटे माझ्या कंबरेतून कळ सुटली ती थेट जांघेपर्यंत. ज्याला आलीय त्यालाच ठाऊक, बसता येत नाही, झोपता येत नाही, उभं राहिलं की ओकारी. तसाच दवाखान्यात गेलो तर स्कॅनिंगच्या खोलीला कुलूप. खिडकीतून मशीन दिसत होतं, वर प्लास्टिकचं कव्हर, त्याच्यावर धूळ, आणि उद्घाटनाचा हार अजून तसाच, वाळून काळा पडलेला. सिस्टर म्हणाल्या डॉक्टर नाहीत, दुसऱ्या कुणी हात लावला तर केस होते. बरोबर आहे, गर्भलिंग तपासणी होऊ नये म्हणून १९९४ चा कायदा आहे आणि तो पाहिजेच, पण साहेब माझ्या पोटात मुतखडा होता हो! कायदा पाळायचा तर डॉक्टर नेमा की, कुलूप कशाला नेमलंय?

मग एक इंजेक्शन टोचून घेऊन बेळगावची बस. बसायला जमेना म्हणून उभ्यानंच, दांड्याला कपाळ टेकून, प्रत्येक खड्ड्याला कुलदैवत आठवत. तिथं प्रायव्हेटमध्ये पोटाला गार जेल लावलं आणि दोन मिनिटांत सापडला, स्क्रीनवर पांढरा ठिपका अन् त्याच्यामागं काळी सावली. ९ एमएम. ५ च्या आतले बहुतेक आपोआप पडतात, हा पडायचा नाही म्हणाले, किडनीला सूज पण आलेली. चिरायचं कारण नाही, खडा स्कॅनिंगवर हेरून नेम धरायचा, बाहेरूनच ध्वनिलहरींचे दोन-तीन हजार धक्के द्यायचे, चुरा लघवीतून जातो. ही पद्धत काय काल निघालेली नाही, १९८० साली जर्मनीत म्युनिकला पहिला पेशंट झाला, मशीन विमानं बनवणाऱ्या डॉर्नियर कंपनीचं. आमच्या तालुक्यात मात्र खडा फोडणं सोडा, आहे का नाही हे बघायलाच माणूस नाही!

योजनेचं कार्ड दाखवलं तर काऊंटरवरची मुलगी म्हणते सरकारी दवाखान्याचं रेफरल आणा. तिकडं फोन केला तर म्हणे आधी आमच्या इथला रिपोर्ट पाहिजे. आता हसू का रडू? शेवटी बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या, बिल पस्तीस हजाराच्या घरात गेलं, आणि अजून लघवीला आग होते ती वेगळीच.

शंभरातल्या दहा-बारा जणांना कधी ना कधी मुतखडा होतोच म्हणतात, खरं खोटं तुमच्या खात्यानं तपासावं, मग या सीमाभागात किती हजार निघतील करा हिशोब. इथं बेळगावात विधिमंडळासाठी सुवर्ण सौध बांधायला चारशे कोटी का काय ते लागले, २०१२ ला उद्घाटन झालं, वर्षातून थोडे दिवस अधिवेशन, बाकी वर्षभर शुकशुकाट. एका रेडिओलॉजिस्टचा, म्हणजे स्कॅनिंगच्या डॉक्टरचा पगार तेवढा जड झाला? पाटीवर मराठी दिसली की रात्रीत काळं फासायला माणसं मिळतात, दवाखान्याला मिळत नाहीत.

आणि फक्त तुम्हालाच बोलतोय असं नाही. २०२३ ला महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना आरोग्य योजना देतो म्हणून जाहीर केलं, तेव्हाच्या बंगळूरवाल्यांनी लगेच डोळे वटारले. एक देतो म्हणतो, दुसरा घेऊ नका म्हणतो, २००४ पासून सुप्रीम कोर्टात सीमावादाची केस चालूच आहे, निकाल लागेपर्यंत आम्ही कळ दाबून धरायची काय? सीमा कुठं आहे ते कोर्ट बघेल, आधी डॉक्टर कुठं आहे ते सांगा.

एक महिन्यानं परत स्कॅनिंग करायला सांगितलंय, चुरा राहिला का बघायला. तोवर तालुक्यात डॉक्टर दिलात तर तिथंच येतो, नाहीतर आहेच प्रायव्हेट. मग बिल कुणाच्या नावानं पाठवू तेवढं कळवा, बंगळूर का मुंबई?

आपला,
सीमाभागातला एक पेशंट