ऑक्टोबरमध्ये याच, नदी दाखवायची आहे

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

बाबा, तुम्ही परवा फोनवर विचारलंत ना की तुझ्या त्या वेस्ट व्हर्जिनियात बघण्यासारखं आहे काय, तेव्हा मी घाईत होते, नीट सांगता आलं नाही, म्हणून आज बसून लिहितेय. आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर न्यू रिव्हर आहे आणि मला वाटतं अमेरिकेत तुम्हा दोघांना एकच गोष्ट दाखवायची झाली तर मी हीच दाखवीन.

तुमचं अख्खं आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलं म्हणून आधी नदीचं सांगते. नॉर्थ कॅरोलायनात ब्लोइंग रॉकच्या आसपास उगम, पण समुद्र पूर्वेला असून ही निघते उत्तरेला, व्हर्जिनियातून आमच्याकडे येते आणि अ‍ॅपलाचियनचे डोंगर आडवे असताना त्यांना वळसा न घालता सरळ कापत जाते. गॉली ब्रिज गावाशी हिला गॉली नदी मिळते, दोघींची मिळून कनावा नदी होते, ती मग पुढे ओहायो नदीला मिळते. एकूण 515 किलोमीटर. या खंडातल्या सगळ्यात जुन्या नद्यांमध्ये हिला धरतात. घळ इतकी खोल आहे की ग्रँडव्ह्यूच्या कठड्याशी उभं राहिलं की नदी 1,400 फूट खाली, आणि तिच्या काठाने कोळशाची मालगाडी जात असते ती आधी ऐकू येते मग दिसते. रेल्वे 1873 मध्ये आली तेव्हाच इथला कोळसा बाहेर जायला लागला, खाणींची गावं वसली आणि कोळसा संपला तशी ओसही पडली, थरमंडचं स्टेशन अजून आहे पण गावात माणसं जेमतेम चार-पाच.

एक गोष्ट वाचली तेव्हा मला आईच्या आजोळची आठवण आली. वर नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूला एका वीज कंपनीला या नदीवर दोन मोठी धरणं बांधायची होती, शेतं, घरं, सगळं पाण्याखाली जाणार होतं. लोक वर्षानुवर्षं भांडले आणि 1976 मध्ये कायदाच झाला, तिथला साधारण 43 किलोमीटरचा पट्टा जसा आहे तसा वाहता ठेवायचा. आई, तुझ्या आजीचं घर कोयनेच्या पाण्यात गेलं, ती शेवटपर्यंत त्या परसातल्या फणसाचं बोलायची. बाबा, धरण का लागतं हे तुम्ही मला लहानपणापासून समजावलंय आणि ते मला पटतं, इथेही हिंटनला पुरासाठी बांधलेलं ब्लूस्टोन धरण आहेच. पण त्याच्या खाली नदी 85 किलोमीटर मोकळी वाहते, आणि मोकळी नदी काय असते ते तुमच्या शेजारी उभं राहून बघायचंय मला.

या घळीवरचा पूल तर तुम्हाला तासभर बघत बसावासा वाटेल. 1977 चा, पोलादी कमान, पाण्यापासून 267 मीटर उंच. रंग नाहीये, सगळा गंजलेला तपकिरी दिसतो, पण ते पोलादच तसं आहे, वरचा गंजाचा पातळ थर आतल्या धातूला सांभाळतो त्यामुळे रंगकाम लागत नाही. पूल व्हायच्या आधी पलीकडे जायला 40 मिनिटं लागायची, आता एक मिनिटही लागत नाही. जुना वळणावळणाचा रस्ता अजून चालू आहे, त्याने हळू खाली उतरू आणि पुलाच्या बरोबर खाली गाडी थांबवून वर बघू.

आई, तुझ्या गुडघ्यांचा विचार केलाय मी. सँडस्टोन फॉल्सला लाकडी फळ्यांचा सपाट रस्ता आहे, पायऱ्या नाहीत. धबधबा उंच नाही पण 450 मीटर रुंद, अख्खी नदीच पायरी उतरल्यासारखी खाली येते. बाकावर बसून बगळे बघ, गळ टाकून बसलेले लोक बघ, स्मॉलमाउथ बास नावाचा मासा पकडतात आणि बरेचजण परत सोडूनही देतात. नशीब असेल तर बाल्ड ईगल दिसेल. कड्यांवर पेरेग्रिन ससाणे आहेत, डीडीटी या कीटकनाशकामुळे ते अमेरिकेच्या पूर्व भागातून संपले होते, मग 2006 पासून काही वर्षं पिल्लं आणून इथे मुद्दाम सोडली. आणि वरच्या भागात हेलबेंडर असतो, दोन फुटांपर्यंत वाढणारा सॅलॅमँडर, म्हणजे बेडकासारखाच उभयचर पण शेपटीवाला, कातडीतून श्वास घेतो म्हणून त्याला गार, स्वच्छ पाणीच लागतं, सपाट दगडांखाली राहतो. म्हणून नदीतले दगड कोणी उचलू नयेत, मी तर आता मुलांनाही हातच लावू देत नाही.

राफ्टिंग तुम्हाला नको, खालच्या भागातलं पाणी फार खवळलेलं असतं. वरचा भाग शांत आहे, तिथे आमच्यासोबत काठावर बसा, मुलं ट्यूबवर तरंगतात तेवढं बघा. नदीच्या या घळीचं नॅशनल पार्क केलंय, त्याला तिकीटही नाही.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी ब्रिज डे असतो, पूल गाड्यांना बंद आणि लोक पॅराशूट घेऊन उड्या मारतात, गर्दी प्रचंड, ते टाळू. त्यानंतरच्या आठवड्याचं तिकीट बघतेय, झाडं लाल-पिवळी असतील तेव्हा. बाबा, बीपीच्या गोळ्या तीन महिन्यांच्या घ्या, प्रिस्क्रिप्शनसकट, आणि आई, एक चांगला स्वेटर हातातल्या बॅगेत ठेव. तारखा चालतील का ते रविवारी फोनवर सांगा म्हणजे लगेच बुक करते.

तुमची,
मनू