मोटारीवरचं पोतं

लातूर,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय दत्त्या,

सप्रेम नमस्कार वगैरे. दीड वर्ष ना पत्र ना फोन, तुझ्या वाढदिवसाला नुसता केकचा फोटो. आधी शिव्या देऊन घे, मग पुढं वाच. आई बरी आहे, गुडघे तसेच. बाबांची शुगर कधी वर, कधी खाली. झालं.

पुण्याला चकरा मारून पटकथा दुरुस्त करायलोय, हे बबी आत्यानं तुझ्यापर्यंत पोचवलंच असेल. समोरासमोर बसून, सर आणि मी, दोघंच. सहा बैठका ठरल्यात, चार झाल्या. फीपायी सोयाबीनचे बारा कट्टे गेले. बाबांना वाटतंय, पोरगं कसला तरी कोर्स करायलंय, शेवटी सर्टिफिकेट मिळंल.

पहिल्या बैठकीत सरांनी मोठ्यानं वाचायला लावलं आणि अकराव्या पानावर थांबवलं. "ह्या पोराला काय पाहिजे?" म्हटलं, पाणी. "पाणी तर अख्ख्या लातूरला पाहिजे. ह्याला काय पाहिजे?" मी गप. 2018 ला गंजगोलाईत रसवंतीवर बसून तू दुसरं काय म्हणाला होतास? "तू पुण्या-मुंबईच्या लोकांना आपला दुष्काळ विकायलास. आपल्याकडं कोण आभाळाकडं डोळे लावून बसलं होतं रे? लोक शेजाऱ्याच्या टाकीत किती पाणी हाय ते बघत होते." त्यावर मी तुला काय बोललो ते इथं लिहीत नाही. तू फुकट सांगितलंस तर आठ महिने अबोला, आणि ह्यांनी बारा कट्टे घेऊन सांगितलं तर मी वहीत उतरवून घेतलं. हस.

पाण्याच्या रेल्वेचे सीन गेले. चौदा पानं! एका पानाला पडद्यावर साधारण एक मिनिट धरतात, म्हणजे चौदा मिनिटं नुसती रेल्वे होती. 12 एप्रिल 2016 ची पहाट, मिरजेहून निघालेली पहिली गाडी, दहा डबे, एकेका डब्यात 50,000 लिटर, डबे कोट्याच्या वर्कशॉपमधून धुऊन आणलेले. मी सगळं शोधून घातलं होतं. सर म्हणाले, "गाडी आली. तुझी माणसं काय करतात?" म्हटलं, बघतात. "मग ही बातमी झाली. सीन कुठंय?" शेवटी त्यातलं एकच वाक्य टिकलं. आजी विचारते ना, "त्या डब्यात आधी काय भरलेलं होतं रे?" ते तुझ्या आजीचं आहे, हे मी सरांना सांगितलं नाही. चोरी ती चोरी.

दुसऱ्या वेळी सरांनी एकेका सीनचं एक कार्ड करायला लावलं आणि सगळी फरशीवर मांडली. कुठलंही कार्ड उचलायचं. त्याच्यावाचून गोष्ट अडली नाही की ते बाद. 74 कार्डांची 53 झाली. सगळंच ऐकलं असं समजू नको. ते म्हणाले, "करायलास" काढून "करतोयस" कर, बाहेरच्यांना कळत नाही. म्हटलं, सर, त्यांना इंग्रजी पिच्चर कळतात ते कसे? ते हसले आणि चहा मागवला. पण दुसरं एक लई खरं बोलले. माझी पात्रं सारखी मनातलं बोलतात. "मला फार एकटं वाटतंय," असं आपल्या गल्लीत कोण कधी म्हणालंय का? एकटं वाटलं की नाना सायकल पुसायचे.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसलो ते.

माझ्या पटकथेतला मोटारवाला शेजारी आठवतो ना? रात्री नळाला मोटार लावून गल्लीचं पाणी ओढतो, तो. तू 2018 लाच वाचलं होतंस सगळं. चौथ्या बैठकीत काम संपल्यावर चहा पिताना सर सहज म्हणाले, मोटारीचा आवाज गल्लीत कुणालाच ऐकू कसा आला नाही? आणि मी, कप तोंडाला लावलेला असताना, बोलून गेलो, "वर पोतं टाकायचो ना सर. ओलं करून. आणि त्यावर बसायचो."

सरांनी कप खाली ठेवला. "कोण बसायचं?"

दत्त्या, नळ पुरते बंद व्हायच्या आधी, आठ-पंधरा दिवसांनी एकदा पाणी सुटायचं, तेव्हाची गोष्ट आहे ही. अर्ध्या एचपीची मोटार. बाबा बटन दाबून टीव्हीचा आवाज वाढवायचे आणि मी पोत्यावर. खालून थरथर मांड्यांत चढायची. पलीकडं तुझी माय नळाखाली घागर लावून बसलेली, नळातून नुसती हवा फुसफुसायची. सकाळी माझी आई तुमच्याकडं दोन हंडे घेऊन यायची आणि तुझी माय म्हणायची, "तुमच्याकडं बरं येतं बाई, उतारावर हाय ना तुमचा नळ." उतारावर तर तुमचं घर होतं.

ती मोटार मी कागदावर शेजाऱ्याच्या घरात नेऊन ठेवली. तू वाचलीस आणि तिच्याबद्दल एक शब्द बोलला नाहीस. दुष्काळ विकायलास म्हणालास, बस्स.

सर म्हणतात, उलटं कर. मोटारवाल्याच्या घरातला पोरगा हाच हिरो. त्याला पाणी नको असतं, त्याला त्या पोत्यावरून उठायचं असतं. आता प्रत्येक सीन आपोआप उभा राहायलाय, हीच भीती आहे. बाबा रोज विचारतात, "पिच्चर कधी येतोय?" त्यांना काय दाखवू? सरांना विचारलं तर म्हणाले, ते माझं काम नाही. बरोबरच आहे. आणि तुझ्या मायला विचारायचं कुणी, मी का तू?

सातवा सीन सोबत जोडलाय. तीन पानं आहेत. पाचवी बैठक शुक्रवारी आहे, त्याआधी वाच. फोन करू नको, फोनवर आपण दोघं विषय बदलतो.

हैदराबादचं घर मोठं घेतलंस म्हणे, अभिनंदन. पोरगी चालायला लागली का? वहिनींना नमस्कार. दिवाळीला येणार असशील तर तिकीट आत्ताच काढ.

तुझाच,
येडा

ता. क. त्या पोत्यावर काय छापलेलं होतं? सर विचारत होते. मला युरिया वाटतंय, पण मी वर बसलेलो असायचो. भिंतीवरून तुला नीट दिसलं असंल.